थंडीत गाडी दर रविवारी चालू करावी का?

प्रश्न: मागच्या वर्षी मी माझी पहिली मोटरसायकल घेतली. सेकंड हँड, १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली, एअर-कूल्ड. सेल्फ आहे आणि किकही आहे. थंडीचे चार महिने रस्त्यावर बर्फ आणि बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ असतं, त्यामुळे गाडी बंद ठेवावी लागते. गेल्या हिवाळ्यात ती शेडमध्ये प्लास्टिकच्या कागदाखाली ठेवली. टाकीत पाव टाकी पेट्रोल होतं. सगळे सांगतात म्हणून दर रविवारी पाच मिनिटं चालू करत होते. शेवटचा दीड महिना कामामुळे तेवढं राहिलं. बर्फ सरल्यावर बघते तर बॅटरी पार बसलेली. किक मारून गाडी चालू व्हायची, पण अॅक्सिलरेटर सोडला की बंद पडायची. सायलेन्सरला खालून गंजून भोक पडलं होतं ते वेगळंच. इतकी काळजी घेऊनही असं का झालं? यंदा काय करू? आणि हिवाळा संपल्यावर पहिल्या किकला चालू होईल अशी गाडी ठेवता येते का?

उत्तर: तुमच्या हातून हयगय झालेली नाही, हे आधी सांगतो. थंडीत दर रविवारी शेडमध्ये जाऊन उभं राहायचं म्हणजे गाडीवर जीव असावा लागतो. मीसुद्धा सुरुवातीचे तीन हिवाळे हेच केलं, तुमच्यासारखंच कुणीतरी सांगितलं म्हणून. तिसऱ्या हिवाळ्यातली एक सकाळ मला अजून आठवते. पाच मिनिटं झाली, गाडी बंद केली आणि कागद ओढताना सायलेन्सरच्या टोकाला हात लागला. तळहात ओला झाला. खाली फरशीवर काळपट थेंबांचा रुपयाएवढा डाग पडला होता. गाडी महिनाभरात धुतलेली नव्हती, शेड गळत नव्हती. तरी सायलेन्सरमधून पाणी ठिबकत होतं.

ते पाणी पेट्रोलमधून आलेलं असतं. पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, आणि ते थोडंथोडकं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. रस्त्यावर अर्धा तास पळालेल्या गाडीचा सायलेन्सर इतका तापलेला असतो की हे सगळं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आपल्याला दिसतही नाही. जागेवर पाच मिनिटं गुरगुरणाऱ्या गाडीत मात्र सायलेन्सर जेमतेम कोमट होतो. वाफ आत थंड होते, तिचं पाणी होतं आणि ते पोटात साचतं. त्यात ज्वलनातून आलेली थोडी आम्लंही मिसळतात. पुढच्या रविवारी आणखी थोडं साचतं. तुमचा सायलेन्सर खालच्या बाजूनेच गंजला, कारण पाणी तिथेच उभं राहतं.

इंजिनच्या आतही तेच होतं. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडी वाफ खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरते. ऑइल नीट तापलं तर ती उडून जाते. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही, मग ती ओल ऑइलमध्येच राहते. ऑइल टाकायचं झाकण उघडल्यावर आतून दुधाळ, पिवळसर साय दिसली तर समजा की गाडी वारंवार अर्धवट तापून बंद होते आहे.

म्हणून यंदा एकच ठरवा: गाडी एकदा झोपवली की चार महिने तिला उठवायचं नाही. गाडीला नुसत्या थंडीने फारसं काही होत नाही, ती ओलीने खराब होते. पुढचं सगळं त्या ओलीलाच दूर ठेवण्यासाठी आहे.

कामांचा क्रम नीट ठेवलात तर एका दुपारी सगळं उरकतं. हवामान कोरडं आहे आणि रस्त्यावर अजून मीठ पडलेलं नाही, असा दिवस निवडा. आधी गाडी धुवा. मडगार्डच्या आतली बाजू, चेनच्या आसपास, इंजिनच्या फिन्समधला चिखल काढा. वाळलेला चिखल हवेतली ओल धरून ठेवतो आणि त्याच्याखाली पत्रा कुजतो. नळाचं साधं पाणी आणि गाडीचा शॅम्पू पुरे. प्रेशरच्या पाण्याची फवारणी चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारू नका, पाणी आत घुसतं.

मग ओल्या गाडीवर बसा आणि पेट्रोल भरायला जा. टाकी जवळजवळ पूर्ण भरा, फक्त गळ्याखाली थोडी जागा राहू द्या. गाडी हलकी राहावी म्हणून बरेच जण टाकी अर्धी ठेवतात. त्यात रिकाम्या जागेत हवा राहते, हवेत बाष्प असतं, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने ते टाकीच्या आतल्या पत्र्यावर दवासारखं जमतं. पाव टाकी पेट्रोलवर चार महिने काढले म्हणजे तुमच्या टाकीच्या पाऊण भागाला दव साचायला मोकळी जागा होती. शिवाय आजकालच्या पेट्रोलमध्ये बऱ्याच ठिकाणी इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी टाकीच्या तळाजवळूनच निघते, त्यामुळे गाडीला सगळ्यात आधी तेच मिळतं.

टाकी भरण्याआधी त्यात फ्युएल स्टॅबिलायझर ओता. बाटलीवर जे प्रमाण लिहिलं असेल तेवढंच, जास्त ओतल्याने जास्त फायदा होत नाही. पेट्रोल हवेशी संयोग होऊन हळूहळू चिकट होतं, ते या औषधाने लांबतं. पण नवीन पेट्रोलमध्येच ते उपयोगी पडतं. शिळ्या पेट्रोलला ते ताजं करत नाही. आता वीस-पंचवीस मिनिटं गाडी चांगली पळवून आणा. या एका फेरीत तीन कामं होतात: धुतलेली गाडी कोपऱ्या-कोपऱ्यातून वाळते, स्टॅबिलायझर मिसळलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतं आणि ऑइल पूर्ण तापतं. या हंगामातली ही शेवटची फेरी असते, मी ती कधी घाईने उरकत नाही.

घरी आलात की ऑइल गरम असतानाच काढा, मात्र हात भाजणार नाही इतकं निवू द्या. गरम ऑइल पातळ असतं, तळाचा गाळ घेऊन उतरतं. ‘आता काढून काय उपयोग, गाडी चालणारच नाही, हिवाळ्यानंतर बदलू’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी उलट सांगेन. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, ओल आणि आम्लं असतात. ती चार महिने बेअरिंगवर बसवून ठेवायची कशाला? फिल्टर बदलायचा असेल तर तोही आताच बदला आणि नवं ऑइल भरा.

यानंतर एकदाच, शेवटचं, इंजिन चालू करायचं. शेडचं दार सताड उघडं ठेवा किंवा गाडी बाहेर घ्या. बंद जागेत चालू गाडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला बेशुद्ध करून मारतो. गेल्या हिवाळ्यात रविवारी दार लावून गाडी चालू केली असेल तर पुन्हा कधीही करू नका, यात ‘थोडा वेळ चालतं’ असं काही नसतं. गाडी चालू झाली की पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची चावी, बंद करा आणि तशीच चालू राहू द्या. एक-दोन मिनिटांत ती आचके देत बंद पडेल. तेवढ्यात नवं ऑइल सगळीकडे फिरलेलं असेल आणि कार्ब्युरेटरची वाटी, म्हणजे त्याच्या खालचं पेट्रोल साठणारं छोटं भांडं, जवळजवळ रिकामी झालेली असेल. वाटीच्या तळाशी एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली डबी धरा आणि इंजिन निवल्यावर तो सैल करून उरलेले थेंबही काढून टाका. स्क्रू परत लावताना अंगाचा जोर लावू नका, वाटी नरम धातूची असते आणि आटे सहज जातात.

या वाटीवर मी इतका अडून का बसलो, ते तुमच्या दुसऱ्या तक्रारीमुळे. टाकीचं झाकण पेट्रोलला बऱ्यापैकी बंदिस्त ठेवतं. वाटी मात्र एका बारीक नळीने बाहेरच्या हवेला उघडीच असते, आणि तिच्यात पेट्रोल असतं जेमतेम काही चमचे. त्यातला हलका भाग आधी उडून जातो, जड भाग मागे राहतो आणि त्याचा डिंकासारखा थर होतो. चार-सहा महिने तशाच राहिलेल्या गाडीची वाटी मी उघडली आहे. तळाशी मधासारखा पिवळट-हिरवा चिकट गोळा असतो आणि जुन्या वार्निशचा वास येतो, पेट्रोलचा येत नाही. आता कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकांचे जेट असतात. त्यातला आयडलिंगचा, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता गाडी जागेवर चालू ठेवणारा जो जेट असतो, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. डिंकाचा एक कण तिथे पुरतो. अॅक्सिलरेटर दिला की मोठ्या जेटमधून पेट्रोल येतं म्हणून गाडी चालते, सोडला की लहान जेटवर येते आणि तो तुंबलेला असतो, म्हणून बंद पडते. तुमच्या गाडीने अगदी हेच केलं. दर रविवारी वाटीत नवं पेट्रोल येत होतं तोवर निभावलं, शेवटच्या दीड महिन्यात तेही थांबलं. तो जेट अजून साफ केला नसेल तर गाडी ठेवण्याआधी करून घ्या. तार घालून भोक मोठं करू नका, कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा झोत यांनी साफ होतो.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला ही वाटी नसते. तिथे भरलेली टाकी, स्टॅबिलायझर आणि ती शेवटची फेरी एवढं पुरतं.

आता बॅटरी. सेल्फ मारताना बॅटरीतून एका दमात मोठा करंट जातो. तो परत भरायला गाडी चांगल्या आरपीएमवर बराच वेळ चालावी लागते. आयडलिंगला लहान गाडीचं चार्जिंग अगदी बेताचं असतं, त्यात हेडलाइट चालू राहत असेल तर बघायलाच नको. म्हणजे दर रविवारी तुम्ही बॅटरीतून जेवढं काढत होतात, त्यातलं थोडंच परत जात होतं. लेड-अॅसिड बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के आपोआप उतरते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि ते एकदा कडक झाले की पुन्हा चार्ज करूनही पूर्ण जात नाहीत. कडक थंडीत त्यात आणखी एक धोका आहे. पूर्ण चार्ज बॅटरीतलं अॅसिड उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे १० च्या आसपासच गोठतं आणि बॅटरीचं कवच फोडतं.

तेव्हा बॅटरी काढून घरात आणा. काढताना आधी निगेटिव्ह वायर, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. कारण सगळी चासी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हचा नट फिरवत असाल आणि पाना चुकून चासीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो आणि ठिणगी उडते. बॅटरी कोरड्या, फार गरम नसलेल्या जागी ठेवा, आग किंवा शेगडीपासून लांब. मोटरसायकलचा लहान मेंटेनन्स चार्जर असेल तर उत्तम, तो भरली की थांबतो आणि उतरली की पुन्हा देतो. नसेल तर महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावून बघा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ वर आली की चार्ज करा. १२ च्या खाली कधी जाऊ देऊ नका. साध्या चार्जरवर करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश ठेवा, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. गाडीचा मोठा चार्जर, कारसाठीचा, एवढ्याशा बॅटरीला जाळतो. बॅटरी लिथियमची असेल तर तिचा वेगळा चार्जर लागतो, आणि गोठणबिंदूच्या खालच्या थंडीत ती चार्ज करू नये. दर रविवारी गाडीकडे जायची सवय मोडवत नसेल, तर तो वेळ या मल्टिमीटरला द्या.

चेन गाडी बंद असतानाच साफ करायची. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, चाक फिरतंय आणि हातात फडकं, असं करताना लोकांची बोटं गेली आहेत. मेन स्टँडवर गाडी घ्या, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा, रॉकेल आणि मऊ ब्रशने मळ काढा, कोरडी पुसा आणि चेन ल्यूब लावा. तारेचा ब्रश नको, आणि पेट्रोलही नको, चेनच्या कड्यांमध्ये ओ-रिंग असतील तर त्यांचं रबर खराब होतं. हँडलचे लिव्हर, केबलची टोकं, स्टँडचा पिन, फुटरेस्ट यांना ऑइलचा एकेक थेंब पुरे. उघड्या धातूवर ऑइल लावलेलं फडकं फिरवा. पुढे डिस्क असेल तर तिच्या जवळही ते फडकं नेऊ नका, डिस्कवर तेल लागलं की ब्रेक लागत नाही. ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील किंवा सेकंड हँड गाडीत किती झाली हे माहीतच नसेल, तर बदलून घ्या. तेही हवेतली ओल शोषतं.

टायरमध्ये कंपनीने सांगितल्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त हवा भरा, टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. थंडीने हवा आपोआप कमी होते, तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय जातो. गाडी मेन स्टँडवर ठेवलीत तर एक चाक अधांतरी राहतं. जमिनीवर टेकलेल्या चाकाखाली फळी घाला आणि अधूनमधून ते थोडं फिरवून ठेवा, म्हणजे एकाच जागी चपटं होणार नाही.

उंदरांना बंद शेडमधली गाडी फार आवडते. एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या आणि गवताचं उबदार घरटं मी स्वतः काढलेलं आहे, आणि त्याच उंदराने खाल्लेली वायरही जोडली आहे. सायलेन्सर थंड आणि कोरडा झाल्यावर त्याच्या तोंडात फडक्याचा घट्ट बोळा कोंबा. एअर फिल्टरच्या तोंडालाही फडकं लावा. आणि लगेच, त्याच मिनिटाला, गाडीच्या किल्लीला लाल चिंधी बांधून ठेवा. चार महिन्यांनी बोळ्याची आठवण राहत नाही, चिंधी मात्र हातात येते.

प्लास्टिकचा कागद यंदा नको. त्याच्याखालची ओल बाहेर जात नाही. थंड सकाळी तो कागद उलटा करून बघितलात तर आतून थेंब लोंबताना दिसतील, आणि तेच थेंब गाडीवर पडतात. जुनी सुती चादर त्यापेक्षा कितीतरी बरी. धूळ अडते आणि हवा खेळते.

स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. वर्ष-दीड वर्ष ठेवायची असती तर मीही तेच सांगितलं असतं. चार महिन्यांसाठी मी करत नाही, प्लगचे आटे उगाच झिजतात. तुमची गाडी एअर-कूल्ड आहे म्हणून कुलंटची चिंता नाही. पण ज्यांच्या गाडीला रेडिएटर आहे त्यांनी त्यात साधं पाणी राहू देऊ नये. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिन तडकवतं. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं.

हिवाळा सरला की आधी लाल चिंधीकडे बघा आणि दोन्ही बोळे काढा. बॅटरी चार्ज करून लावा, टायरची हवा नेहमीच्या आकड्यावर आणा, ऑइलची पातळी बघा. ब्रेक दाबून बघा, दिवे आणि हॉर्न तपासा. पेट्रोल कॉक उघडा आणि कार्ब्युरेटरखाली कुठे थेंब पडतो का ते वाकून बघा. क्लच प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. म्हणून इंजिन बंद असतानाच दुसरा गिअर टाका, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकला, सुटतात. चालू झाल्यावर अॅक्सिलरेटर पिळू नका. मिनिटभर तिच्या लयीत चालू द्या, मग लगेच रस्त्यावर काढा आणि ती नीट तापेपर्यंत परत आणू नका. पहिला दिवस हळू चालवा. कडेला उरलेली वाळू असते, टायर थंड असतात, आणि आपल्यालाही वळणाचा अंदाज परत यायला अर्धा तास लागतो.

तुमचा शेवटचा प्रश्न पहिल्या किकचा. पहिल्या किकला नाही होणार, कारण वाटी आपण मुद्दाम रिकामी ठेवलेली असेल. कॉक उघडल्यावर अर्धा मिनिट थांबा, वाटी भरू द्या. चोक पूर्ण ओढा, इग्निशन बंद ठेवून दोनदा सावकाश किक दाबा. मग किल्ली फिरवा आणि मारा. तिसऱ्या-चौथ्या किकला ती धरेल.